सुई टोचते कुणाच्या हाताला? हिपॅटायटिस सी आणि धोका मोजण्याचे राजकारण

‘आजार जात बघून होत नाही’ हे वाक्य कोरोनाच्या काळात आपण शेकडो वेळा ऐकले. वाक्य ऐकायला समतावादी वाटते, आणि विषाणूपुरते ते खरेही आहे. पण विषाणू माणसापर्यंत कुठल्यातरी वाटेने येतो. ती वाट कुणाच्या घरावरून जाते हे विषाणू ठरवत नाही, समाजव्यवस्था ठरवते. हिपॅटायटिस सी या आजाराच्या निमित्ताने ही गोष्ट नीट तपासता येते, कारण तो मुख्यतः रक्तातून रक्तात जातो. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेला कापूस, दुसऱ्याला टोचलेली सुई आणि दुसऱ्याची घाण उचलण्याचे काम या देशात पिढ्यानपिढ्या कुणाच्या माथी मारले गेले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

रुग्णाला हिपॅटायटिस सी असण्याचा धोका किती, हे ठरवताना डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. कधी रक्त चढवले होते का? मोठी शस्त्रक्रिया, डायलिसिस झाले आहे का? नशेची इंजेक्शने घेता का? अंगावर गोंदवले आहे का? एकाहून अधिक लैंगिक जोडीदार आहेत का? तुरुंगात होतात का? हे प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नाहीत. त्यामागे दशकांचा अभ्यास आहे. माझा आक्षेप न विचारलेल्या प्रश्नांवर आहे. ‘तुम्ही काम काय करता? कामावर असताना किती वेळा सुई टोचली? तुमच्या वस्तीत इंजेक्शन कोण देतो?’ हे आपल्या दवाखान्यांत सहसा कुणी विचारत नाही. ‘तुम्ही काय केले’ हे विचारले जाते, ‘तुमच्यावर काय लादले गेले’ हे विचारले जात नाही. त्यामुळे ज्यांना धोका अधिक आहे तीच माणसे धोक्याच्या यादीतून गळतात.

आधी आजार समजून घेऊ

भावनेच्या भरात बोलण्याआधी वस्तुस्थिती माहीत हवी. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी आणि २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी होता.

या आजाराची खरी अडचण म्हणजे तो बोलत नाही. लागण झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कावीळ दिसतेच असे नाही. शंभरातल्या सुमारे तीस जणांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्या सत्तर जणांत तो मुक्काम करतो आणि लिव्हर हळूहळू कुरतडत राहतो. अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस होऊ शकतो, आणि पुढे लिव्हरच्या कॅन्सरचाही धोका असतो. म्हणजे विशीत कामावर सुई टोचलेल्या माणसाचे पोट पाण्याने फुगते ते चाळिशी-पन्नाशीत. तोवर ठेकेदार दहा वेळा बदललेला असतो. आणि मग लोक म्हणतात, ‘दारू पीत असेल.’ आपल्या वस्त्यांमध्ये लिव्हर खराब होऊन गेलेल्या माणसांच्या नावावर ‘दारूने मेला’ एवढेच लिहून खाते बंद केले जाते. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण त्यातल्या कितींची हिपॅटायटिसची तपासणी झाली होती?

दुसरी बाजू आशेची आहे. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण तो बरा होतो. सोफोसबुवीर आणि डाक्लाटास्वीर यांसारख्या गोळ्या साधारण बारा आठवडे घेतल्या की ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या शरीरातून विषाणू जातो. अमेरिकेत २०१३ मध्ये सोफोसबुवीर बाजारात आली तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर होती. पुढे भारतातच तिचे स्वस्त जेनेरिक उत्पादन सुरू झाले. २०१६ मध्ये पंजाब सरकारने मोफत उपचार सुरू केले, आणि २८ जुलै २०१८ रोजी केंद्राने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

म्हणजे आजार बरा होतो आणि औषध फुकट आहे. अडते ते एकाच ठिकाणी: तपासणी कुणाची करायची, हे ठरवण्याच्या ठिकाणी. म्हणून धोका मोजण्याचा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ वैद्यकीय राहत नाही, तो हक्काचा होतो.

एकच तपासणी, दोन न्याय

कुठल्याही रुग्णालयात शस्त्रक्रियेआधी रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी अशी तपासणी करण्याची पद्धत आहे. त्याचे एक कारण उघड आहे, रुग्णापासून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना धोका किती हे कळावे. कारण योग्य आहे. डॉक्टर आणि नर्स यांचा जीव मोलाचाच आहे.

पण शस्त्रक्रिया संपल्यावर त्याच खोलीत मावशी येते. रक्ताळलेल्या चादरी उचलते, फरशी पुसते, कचऱ्याची पिशवी बांधते. पिशवीत चुकून टाकलेली सुई तिच्या बोटात घुसते. ती बोट तोंडात धरते किंवा पदराला पुसते आणि पुढच्या खोलीकडे वळते. रुग्णाचा रिपोर्ट फाईलमध्ये आहे. तो सर्जनला माहीत आहे, सिस्टरला माहीत आहे, मावशीला मात्र कुणी सांगितलेला नाही. ज्या तपासणीने वरच्यांचा धोका मोजला, तीच तपासणी खालच्यांचा धोका मोजायला वापरली जात नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात जातिव्यवस्थेने कामांबरोबर माणसांचीही उतरंड लावली, हे दाखवून दिले. रुग्णालयाकडे त्या नजरेने पाहा. वरच्या पायरीवर ज्ञान, पगार आणि संरक्षण आहे. शेवटच्या पायरीवर झाडू, ठेका आणि सुई आहे. गटारे व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची केंद्राच्या नमस्ते योजनेत नोंद झाली. २०२४ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीत, नोंद झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ६९ टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जातींचे होते. रुग्णालयातल्या झाडू-पोछा करणाऱ्यांची जात मोजली तर चित्र फार वेगळे निघेल, असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

एका टोचणीचा हिशेब

बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता किती? जुन्या अभ्यासांत हिपॅटायटिस सीसाठी ती शंभरात सुमारे दोन होती. अलीकडच्या अभ्यासांत ती हजारात दोन इतकी कमी निघाली आहे. एचआयव्हीसाठी ती हजारात तीनच्या आसपास आहे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता मात्र शंभरात सहापासून तीसपर्यंत असू शकते. म्हणजे एका टोचणीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

पण हे आकडे कुणाच्या टोचणीवरून काढले? ज्यांच्या टोचणीची नोंद झाली, ज्यांना सुई कुणाची होती हे माहीत होते, ज्यांचे रक्त नंतर तपासले गेले, त्यांच्यावरून. म्हणजे बहुतांशी डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन यांच्यावरून. आपल्या मावशीला सुई कुणाची होती हे माहीत नसते. नोकरीत किती वेळा टोचली, हे तिने मोजलेले नसते आणि कुणी लिहून ठेवलेले नसते. एका टोचणीचा धोका लहान असला तरी पंधरा वर्षांत तीसदा टोचली तर तो लहान राहत नाही. तिच्याबाबतीत तर मूळ आकडेच नाहीत. ज्याची नोंद नाही त्याचा धोका कागदावर शून्य असतो. मग कुणीतरी म्हणते, ‘सफाई कामगारांमध्ये हा प्रश्न आहे असे दिसत नाही.’ दिसेल कसा?

कायदा काय म्हणतो

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, यासाठी कायदा हवा. कायदा बराचसा आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ वाचा. हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातासह अशा आजारांच्या लसी द्यायच्या, हातमोजे-बूट-मास्क पुरवायचे, प्रशिक्षण द्यायचे, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करायची, ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नियमाचे शब्द आरोग्य कर्मचाऱ्यांपुरते नाहीत, ‘आणि इतर’ असे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ठेक्यावरची मावशीही त्यात येते. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायच्या, हेही नियमांत आहे.

पण याच नियमांत ‘मोठा अपघात’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. कचऱ्याचा ट्रक उलटणे, कचरा पाण्यात सांडणे हे मोठे अपघात. सुई टोचणे त्या व्याख्येतून नाव घेऊन वगळले आहे. मोठा अपघात तातडीने कळवून चोवीस तासांत अहवाल द्यायचा. बाकीचे अपघात वर्षाच्या अहवालात दाखवले की पुरे. तर्क असा की सुई टोचल्याने मोठ्या जनसमूहाला धोका नाही. बरोबर, एकालाच धोका आहे. पण तो ‘एक’ रोज त्याच वर्गातला, त्याच वस्तीतला असेल तर तो जनसमूहच झाला ना?

नुकसानभरपाईचा मार्गही आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच आरोग्य किंवा प्रयोगशाळेच्या कामात होणारे संसर्गजन्य आजार आहेत. अलीकडे जुने कायदे जाऊन संहिता आल्या, तरी व्यावसायिक आजारांची यादी राहिली आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर सदस्य होते. कर्मचारी राज्य विम्याचा पाया घालणारा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ मध्ये आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. कामगाराचे आजारपण ही त्याची खासगी दुर्दैवाची गोष्ट नाही, हा विचार त्यामागे आहे. पण भरपाई मागायची तर आजार कामावर झाला हे दाखवावे लागते. त्यासाठी कामाला लागतानाचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा आणि टोचणीची नोंद हवी. नेमक्या याच दोन गोष्टी ठेकेदार ठेवत नाही. ठेकेदाराचे अज्ञान हे यामागचे कारण मला पटत नाही. नोंद नसणे त्याच्या फायद्याचे आहे.

रुग्णालयाबाहेर

हा प्रश्न रुग्णालयाच्या फाटकाशी संपत नाही. मधुमेहाचे रुग्ण घरी इन्सुलिन घेतात आणि सुई ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकतात. छोटे दवाखाने पैसे वाचवण्यासाठी त्यांचा कचरा नगरपालिकेच्या गाडीत ढकलतात. तो वेचणारी बाई कोण? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्या झेंड्याखाली आलेल्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू काही आठवडे टिकू शकतो, हे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसले आहे. सोसायटीतल्या सुशिक्षित माणसाने सुई जाड डब्यात बंद करून वेगळी दिली तर त्याचे काही बिघडत नाही. पण आपल्या सुईचे पुढे काय होते हा प्रश्नच त्याला पडत नाही, कारण पुढचे हात त्याच्या ओळखीचे नाहीत.

मग वस्तीतले इंजेक्शन. सरकारी दवाखाना कामाच्या वेळात उघडा असतो आणि रोजंदारीवरचा माणूस संध्याकाळी मोकळा होतो. त्याला उद्या कामावर जायचेच असते. म्हणून तो गल्लीतल्या ‘डॉक्टर’कडे जाऊन म्हणतो, ‘सुई द्या, सलाईन लावा.’ गोळीने भागणाऱ्या आजारालाही सुई टोचली जाते, आणि सिरिंज प्रत्येक वेळी नवी असेलच याची खात्री नसते. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात पुन्हा वापरलेल्या सिरिंजमुळे हिपॅटायटिस बीची साथ येऊन अनेक जीव गेले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात डझनावारी लोक एचआयव्ही बाधित आढळले, आणि एकच सुई वापरणाऱ्या भोंदू डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. विषाणू वेगळे असले तरी वाट तीच आहे. या माणसांना ‘जोखमीचे वर्तन’ विचारले तर ते ‘नाही’ म्हणतील, आणि खरेच बोलतील. त्यांचे वर्तन होते ते ताप आल्यावर उपचार घेणे.

सिकलसेल : आपल्याच घरातला प्रश्न

विदर्भातल्या बौद्ध समाजाला सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी समाजासोबत पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि काही इतर मागास जातींत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. हा कुणाच्या रक्तातला ‘दोष’ नाही. मलेरियाच्या प्रदेशात टिकलेला हा जनुकीय बदल आहे, आणि जातीतल्या जातीत लग्ने लावणाऱ्या समाजरचनेने तो घराघरांत साठवला. सिकलसेलच्या सगळ्या रुग्णांना रक्त लागते असे नाही, पण अनेकांना वारंवार लागते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर काही आठवड्यांनी लागते. जितक्या पिशव्या, तितका धोका.

रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी बंधनकारक आहे. पण रक्तदात्याला नुकतीच लागण झालेली असेल तर नेहमीच्या तपासणीत ती काही आठवडे सापडत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. थेट विषाणू शोधणाऱ्या नॅट तपासणीने हा काळ बराच कमी होतो, पण देशात ती सर्व रक्तपेढ्यांना सक्तीची नाही. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुले रक्त घेतल्यानंतर एचआयव्ही बाधित आढळल्याच्या बातम्या आल्या. त्यातले एक मूल दगावले होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस काढली. ज्या शहरात आपण लाखोंच्या संख्येने दीक्षाभूमीवर जमतो, त्या शहरातली ही गोष्ट आहे. ‘प्रत्येक पिशवी नॅट तपासलेली हवी’ ही मागणी आपल्या निवेदनांत किती वेळा आली?

आपल्यालाही काही प्रश्न

व्यवस्थेवर बोट ठेवताना चळवळीनेही काही गोष्टी तपासल्या पाहिजेत. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. अभिमानाची गोष्ट आहे. पण किती पिशव्या जमल्या याची चढाओढ लागली की दात्याचा फॉर्म घाईत भरला जातो. सगळ्या प्रश्नांवर ‘नाही’ची खूण आणि खाली सही. तो फॉर्म म्हणजेच धोका मोजण्याची पहिली चाळणी आहे. मित्रांसमोर लाजून लपवलेले एक उत्तर सिकलसेलच्या लेकराच्या शरीरात जाऊ शकते. शिबिरात प्रश्न एकांतात विचारले जातील अशी जागा ठेवा, आणि कुणी रक्त न देता परतला तर त्याला टोमणे मारू नका.

जयंतीला पोरे हातावर बाबासाहेबांची सही गोंदवून घेतात. जरूर घ्या, पण सुई समोर नवी फोडलेली हवी आणि शाईचे झाकण नवे हवे. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदवणाऱ्याकडे जाऊ नका. आणि गोंदवल्यानंतर बारा महिने रक्तदान करू नका, हा देशातला नियम आहे.

वस्तीतली काही मुले नशेच्या सुईपर्यंत पोचली आहेत, हेही मान्य करू. त्यांना हाकलून समाज शुद्ध होत नाही. एकाच सुईची वाटणी हा आज या आजाराचा सर्वांत वेगवान रस्ता आहे, म्हणून उपचाराची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘आता डॉक्टरनेही जात विचारायची का?’ नाही. जातीत विषाणू नसतो. डॉक्टरने काम विचारावे, कामावरचे अपघात विचारावेत, इंजेक्शन कुठे घेतले ते विचारावे. जातीने ज्या कामांत आपल्याला कोंबले ती कामे धोक्याची म्हणून लिहिली गेली की जात न विचारताही अन्यायाची नोंद होते. जात कागदावर न लिहिणे आणि जातीचे परिणाम कागदावरून पुसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप: ‘असे प्रश्न विचारण्यापेक्षा सगळ्यांचीच तपासणी करा.’ मला हे तत्त्वतः मान्य आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२० मध्ये १८ वर्षांवरील प्रत्येकाने आयुष्यात किमान एकदा तपासणी करावी असे सुचवले, कारण धोक्याच्या प्रश्नांवर विसंबल्याने अनेक रुग्ण सुटतात हे तिथे दिसून आले होते. ज्याला लाज वाटते तो खरे सांगत नाही, आणि ज्याला आठवत नाही तो सांगू शकत नाही. सार्वत्रिक तपासणीत ही अडचण राहत नाही. पण आपल्याकडे ती येईपर्यंत निवड करूनच तपासणी होणार. मग निवडीच्या यादीत सफाई कामगार, कचरावेचक आणि वारंवार रक्त घेणारे रुग्ण सर्वांत वर असले पाहिजेत.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: ‘आधीच समाज नावे ठेवतो, त्यात आजाराचा शिक्का कशाला?’ ही भीती खोटी नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट दिसताच शस्त्रक्रिया टाळणे, फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिणे, खाट कोपऱ्यात टाकणे असे प्रकार होतात. एचआयव्ही बाधितांना २०१७ च्या कायद्याने भेदभावाविरुद्ध संरक्षण आहे. हिपॅटायटिससाठी तसा स्वतंत्र कायदा नाही, आणि तो मागितला पाहिजे. हा आजार एका ताटात जेवल्याने, पाण्याने, शिवण्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. शिवल्याने विटाळ होतो हे खोटे आपण हजारो वर्षे सोसले. तेच खोटे वैद्यकाच्या भाषेत पुन्हा आले, तर ते आपण ओळखायला हवे. पण शिक्क्याच्या भीतीने तपासणी टाळणे म्हणजे त्या भीतीपुढे हार मानणे आहे.

काय करायचे

सुई टोचली तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात धरू नका, ॲसिड-ब्लीच लावू नका. त्याच पाळीत वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर व्हॉट्सॲपवर तारीख-वेळेसह पाठवा. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी लागणार असेल तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात आणि ७२ तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही. म्हणून त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तीही मागा. हिपॅटायटिस सीसाठी असा आधीच घ्यायचा डोस नाही. म्हणून लगेच एक तपासणी, तीन ते सहा आठवड्यांनी विषाणूची आरएनए तपासणी आणि चार ते सहा महिन्यांनी अँटीबॉडी तपासणी करून घ्यायची.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहेच असे नाही. आपोआप किंवा औषधाने बरे झालेल्या माणसाचीही अँटीबॉडी पुढे पॉझिटिव्ह येत राहते. आजार आहे की नाही ते आरएनए तपासणी सांगते. पहिल्या रिपोर्टवर नोकरी जात असेल, तर आरएनए रिपोर्टशिवाय एकही कागद सही करू नका.

कार्यकर्त्यांसाठी काम याहून मोठे आहे. आपल्या तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात माहिती अधिकारात पाच गोष्टी विचारा: ठेक्यावरच्या सफाई कामगारांची संख्या किती, त्यातल्या कितींना हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस मिळाले, गेल्या वर्षी कितींची आरोग्य तपासणी झाली, सुई टोचल्याच्या किती घटना वार्षिक अहवालात दाखवल्या, आणि हिपॅटायटिस कार्यक्रमाचे मोफत उपचार जिल्ह्यात कुठे मिळतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले तर आनंद मानू नका. शेकडो खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात एकदाही सुई टोचली नाही, हे शक्य नाही. ते शून्य सुरक्षिततेचे नाही, न लिहिलेल्या माणसांचे आहे. आणि न लिहिलेल्या माणसांना इतिहासात आणणे हेच तर आंबेडकरी चळवळीचे पहिले काम राहिले आहे.

पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा आणि वस्तीतल्या सफाई कामगारांना, कचरा वेचणाऱ्या आयाबहिणींना सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. तपासणी मोफत आहे. रिक्षाभाडे आणि बुडालेली रोजी तेवढी आपण भरू. डॉक्टर नेहमीचे प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे द्या, आणि न विचारता सांगा: ‘डॉक्टरसाहेब, मी झाडू मारते. मला सुई टोचली आहे. हे लिहून घ्या.’

जय भीम!